अनवाणी नवस

नवऱ्याची दारू सुटेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा नवस मी पोहरादेवीला बोलले होते. दारू त्यांनी प्यायची आणि पाय मी भाजून घ्यायचे, यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच. बायका माझ्या टाचांच्या भेगा पाहून हळहळायच्या आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. हे तर पारावर बसून मिरवायचे, "माही बायको माह्यासाठी अनवाणी फिरते!" आणि तिथूनच उठून प्यायला जायचे.

यंदा उन्हाळ्यात तुरीचं धसकट तळपायात घुसलं. पाय सुजला, चिघळला. अनवाणी फिरलात तर पाय गमवाल, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "नवस मोडू नको, देवीचा कोप माह्यावर येईन."

माझ्या पायाबद्दल एक शब्द नाही. माझं डोकंच सणकलं. कामरगावच्या बाजारात गेले, चपला घेतल्या आणि दुकानातच पायात घातल्या.

"माह्या पोराले काही झालं तं पाहाय मंग," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी यांची मोटारसायकल दारात वाजेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याच आठवड्यात फोन आला. गाडी घसरली, कारंज्याच्या दवाखान्यात नेलंय. सासूबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्यामुळेच झालं का? दारातच मी एक चप्पल काढलीसुद्धा. मग आठवलं, पोळ्याला हे नाल्यात पडले तेव्हा मी अनवाणीच होते. चप्पल परत घातली आणि जीपमध्ये बसले.

यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तोंडाला अजून वास येत होता.

"तुनं नवस मोडला म्हणून झालं हे. काहाड त्या चपला!"

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले.

"मांग नाल्यात पडले तवा कोनं मोडला होता?" मी म्हणाले. "दवाखान्यात डबा आनीन. पन तुमच्या दारूपायी आता मी काही सोडनार नाही. सोडाची असन तं तुमी सोडा."

मला वाटलं, ओरडतील. पण ते घाबरले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची दारू त्यांच्या एकट्याची झाली होती.