इलाच्या महिन्याचा भात

लेकाच्या घरी पाळणा हलणार म्हणून अमेरिकेला निघालेली आई बॅगेत डिंकाचे लाडू भरते आणि आपल्यावाचून तिकडे सगळं अडलंय, असं मनाशी धरून विमानात बसते. नागपूरच्या प्रतिमाकाकूही तशाच आल्या. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला पोहोचल्यावर कळलं, की अडलेलं त्यांचंच होतं. गाडी चालवता येत नाही, बाहेर ढोपरभर बर्फ, आणि फोडणीचा धूर झाला की छतावरचा अलार्म बोंबलायचा तो लेक राजस येऊन बंद करेपर्यंत. मुलाच्या घरात त्या पाहुण्याहून थोड्या जास्त आणि मालकिणीहून बऱ्याच कमी होत्या.

सून जोआन. वाढली शिकागोकडेच, पण आईवडील तैवानहून आलेले. आई लग्नाआधीच गेली. वडील, मिस्टर चेन, अर्ध्या तासावर एकटे राहायचे आणि लेकीशी बोलत नव्हते. जावई आपल्यातला नाही, एवढंच कारण. इला झाली, तिचा फोटो पाठवला, त्यालाही उत्तर आलं नाही. या माणसाला काकूंनी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे न लिहिलेलं बरं.

जोआन वडिलांचं नाव काढत नसे. पण एक दिवस इलाला दुपट्यात गुंडाळताना म्हणाली, "आई, आमच्यात बाळाला महिना झाला ना, की सासू सुनेच्या माहेरी भात पाठवते. चिकट तांदळाचा, तिळाच्या तेलातला. मांस घालून." ती इंग्रजीतच बोलायची, पण काकूंसाठी सावकाश. "अर्थात, मुलगा झाला तर भात. मुलगी झाली की केक."

हे ती हसत हसत म्हणाली आणि दुपारी जेवली नाही.

"आमच्याकडे मुलाचे पेढे नि मुलीची बर्फी, तसलंच हे मेलं!" काकू संध्याकाळी राजसवर उखडल्या. "माझ्या नातीचा भातच जाईल. मी करीन."

"आई, त्यात पोर्क असतं. सुके सोडे असतात. तुला अंड्याचा वास सहन होत नाही. आपण ऑर्डर करू ना यार."

"सासूनं पाठवायचा असतो, असं म्हणून राहिली ती. हॉटेलनं नाही."

काकूंचा हिशेब सरळ होता. भात घरात गेला की माणूस विरघळतो. चेनसाहेबांनी एक घास खाल्ला की ते फोन उचलतील, आणि आपण नागपूरला परतू तेव्हा या पोरीला माहेर म्हणून एक दार तरी उरेल. बाळंतपणाला आपण आहोत, पण पुढे कोण?

पहिल्या दिवशी त्यांनी तो चिकट तांदूळ सवयीने कुकरला लावला. तीन शिट्ट्यांनंतर झाकण उघडलं तर आत खळ. पोस्टर चिकटवायला उत्तम. मग त्यांना मोदक आठवले. तांदूळ रात्रभर भिजवून ओल्या फडक्यावर पसरून वाफवला, तर दाणा न् दाणा चमकायला लागला. काकूंना इतका आनंद झाला, की त्यांनी जोआन झोपली होती त्या खोलीच्या दाराशी जाऊन उगाचच दोनदा डोकावून पाहिलं.

मांसाच्या पट्ट्या त्यांनी रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून परतल्या. ओठ हलत होते. स्तोत्र होतं की शिव्या, ते राजसला कळलं नाही. छोटे कांदे, सोडे, भिजवलेले मश्रूम, वरून सोया सॉस. सॉस नुसता रंगासाठी घालतात, अशी त्यांची समजूत. चव बघायचा प्रश्नच नव्हता. भाताला मीठ किती ते हाताला ठाऊक, तेवढं त्यांनी घातलं.

वासाने जोआन उठून खाली आली. चमचा पुढे केला.

"अगं अगं! पाठवायचाय तो. उष्टा नको करूस."

देण्याच्या अन्नाला घरच्यांनी आधी तोंड लावायचं नाही, हे काकूंच्या हाडीमासी खिळलेलं. जोआनने चमचा ठेवला. डबा भरला, बारशासाठी आणलेल्या लाल खणात बांधला. राजस ऑफिसला जाता जाता तो देऊन पुढे गेला. फोनवर म्हणाला, बेल वाजवली, दार उघडलं नाही, पायरीवर ठेवून मेसेज केला.

दुपारी जोआनने पातेल्यात उरलेला भात वाटीत घेतला. पहिल्या घासाला तिचं चावणं थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

पण ती पाठोपाठ दोन पेले पाणी प्यायली, आणि काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी सॉसची बाटली उघडून बोट चाटलं. आधी हा सॉसच खारट, त्यावर आपलं मीठ! आता काय म्हणेल तो माणूस? एवढी साधी गोष्ट जमत नाही, अशा घरात गेली माझी मुलगी? डबा परत आणावा तर राजस मीटिंगमध्ये, बाहेर बर्फ, आणि रस्ता कुठून कुठे जातो तेही माहीत नाही. संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या घरात येरझारा घालत राहिल्या. जोआन म्हणाली, "बाबांना खारट आवडतं." ती खोटं बोलतेय हे दोघींनाही कळत होतं.

राजस परतताना मुद्दाम तिकडून आला. हातात डबा होता. खणावर बर्फ साचलेला, सकाळी बांधलेली गाठ तशीच.

"घरीच आहेत. दिव्याच्या उजेडात दिसले," तो म्हणाला. "मी उभा होतो, त्यांनी पाहिलं मला."

मेल्याने खारट आहे म्हणून शिव्या तरी द्यायच्या होत्या, असं काकूंना वाटलं. दुपारपासून ज्या मिठाने त्यांचा जीव खाल्ला, ते कुणाच्या जिभेपर्यंत गेलंच नव्हतं.

जोआनने गाठ सोडली, भात गरम केला आणि टेबलाशी बसून खायला लागली, घासामागून घास, सगळाच संपवायचा असल्यासारखा.

"नको गं, बाधेल," काकू म्हणाल्या.

तिने मान हलवली आणि पुढचा घास घेतला. काकूंना तिला थांबवता येईना, तिच्याबरोबर खाताही येईना. त्या शेजारी बसल्या आणि तिचा पेला रिकामा झाला की भरत राहिल्या.