काठीवरच्या दोन खाचा

आमच्या जुन्या फियाटचा पेट्रोलचा काटा कधीच हलत नाही, म्हणून यांनी एक बांबूची काठी केली आहे. टाकीत एकेक लिटर ओतून तिच्यावर चाकूने खाचा पाडल्या आहेत. रविवारी सकाळी नगरहून निघताना काठी बुडवली, तेव्हा बारा खाचांपर्यंत ओली झाली. दिवाळीनंतर पेट्रोल असं कडाडलं आहे की हल्ली तेवढं पाहिल्याशिवाय आम्ही गाडी बाहेर काढत नाही.

निमित्त पारनेरला यांच्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा. मागच्या सीटवर माझ्या नणंदबाई. वन्सं यांच्याहून मोठ्या, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असतात. मांडीवर फडक्यात बांधलेलं एक लुगडं.

"पारनेरला जातोच आहोत," त्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तर पुढे कान्हूरपर्यंत जमेल का गं मालती? हौसाला तिचा मुलगा बुधवारी मुंबईला नेतोय. कायमची."

हौसाबाई म्हणजे वन्संच्या सासरच्या वस्तीवरची शेजारीण. लग्न होऊन गेल्यावर वीस वर्षं दोघींनी एकाच विहिरीवर पाणी भरलं. वन्संनी आमच्याकडे येताना फक्त तिचाच निरोप घेतला होता, असं हे सांगतात. मी शाळेत गणित शिकवते. एकमान पद्धतीने हिशेब केला आणि सांगितलं, जमेल.

चास गाव मागे पडलं आणि कामरगावचा घाट लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढली. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली. गेली दोन वर्षं इथे नुसती ढेकळं पाहिली होती, त्यामुळे यंदा हिरवं दिसलं की वन्सं हात जोडत होत्या. सुप्याला पुण्याचा रस्ता सोडला. रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे आहेत आणि आमच्या गाडीचं मीटर मैलांचं, म्हणून मी दगडच मोजत होते.

पारनेरला पेट्रोलपंपावर पाटी लटकत होती: पेट्रोल शिल्लक नाही. साखरपुडा आटोपला, जेवण उत्तम झालं. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा आणि मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, मासा फक्त नावात). वन्संनी दोन घास खाल्ले. त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

पारनेरच्या पुढे पठाराची चढण. वर पोचलो तेव्हा इंजिनातून वाफ येत होती. हे पाणी घालायला उतरले, मी काठी बुडवली. सहा खाचा.

नगरपासून अठ्ठेचाळीस किलोमीटर आलो होतो. सहा लिटरला अठ्ठेचाळीस, म्हणजे लिटरला आठ. घरी जायला अठ्ठेचाळीसच, म्हणजे सहा लिटर. टाकीत सहा. वस्ती अजून चार किलोमीटर, जाऊन-येऊन आठ. एक लिटर कमी.

"परत फिरायचं," मी म्हणाले.

"अगं, आलोच की," हे म्हणाले. "जाऊ, बघू काय होतं ते."

"बघू काय होतं, याला हिशेब म्हणत नाहीत. चासच्या माळावर बंद पडली तर ढकलणार कोण? तुम्ही? जिना चढताना थांबता. उद्या मला पहिला तास आहे."

"आमच्या बाईंपुढे माझं काय चालणार, अक्का," हे बहिणीकडे वळून म्हणाले.

वन्सं खाली उतरून उभ्या होत्या. बोट करून म्हणाल्या, "ती चिंच दिसते ना, तिच्या मागेच घर."

चिंच मलाही दिसत होती.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई आली. त्याच वस्तीवरची निघाली. वन्संनी लुगडं तिच्या हातात दिलं. "हौसाला दे."

"आवं, हितवर आल्या आन् माघारी?" तिने गाडीकडे पाहिलं. "मोटार हाय की तुमची!"

"पेट्रोल पुरत नाही," मी म्हणाले.

"मंग चालत चला माझ्यासंगं. शेरडं चालत्यात न्हवं?"

वन्संचे गुडघे मला माहीत होते. त्यांनाही. त्या नुसत्या हसल्या.

"निरोप काय सांगू? हितवर येऊन गेल्या म्हनलं तर तिला लई लागंल बगा."

वन्संनी क्षणभर विचार केला. "मग नको सांगू. लुगडं एस्टीनं पाठवलं म्हण."

उतरणीला यांनी इंजिन बंद केलं. पेट्रोल वाचवायला सगळेच करतात तसं. पठाराच्या उतारावर आणि पुढे कामरगावच्या घाटात गाडी आवाज न करता घरंगळत राहिली. मला बरं वाटलं, आता नक्की पोचू. त्यापलीकडे माझं डोकं चाललं नाही. येताना सगळी चढण होती, म्हणजे जाताना सगळा उतार असणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी चढणीचा दर उताराला लावला होता.

अंगणात गाडी लागली. यांनी सवयीने काठी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. दोन खाचा ओल्या होत्या.

वन्सं पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी काठी मागून घेतली, ओल्या भागावर बोट फिरवलं. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत.

"एवढ्यात किती जाता येतं गं?"

मला चुकीचं उत्तर देता येत नाही. "सोळा किलोमीटर."

"म्हणजे चिंचेपर्यंत?"

"दोनदा जाऊन येता आलं असतं."

"बरं," त्या म्हणाल्या. पदराने काठी पुसून त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि हातपाय धुवायला गेल्या.

बुधवारी हौसाबाई मुंबईला गेल्या. पत्ता आमच्याकडे नाही. वस्तीवर विचारला तर मिळेल. ते दोन लिटर अजून टाकीत आहेत. गाडी काढू या का, असं हे दोनदा म्हणाले; कुठे, ते मात्र कोणालाच सुचलं नाही.