पाळणा जोडायचा नाही

"तुम्ही तिला खोली शोधून दिलीत?"

"दिली. कोपऱ्यावरच्या पाळणाघरात बाळासाठी जागाही सांगून ठेवली."

"म्हणजे आमच्या पायाखालची फरशी तुम्हीच उखडताय, मावशी."

"फरशी अजून बसलीच नाहीये, दादा. तुम्हीच वर उभं राहायची घाई करताय."

दत्तक-संस्थेच्या पुढच्या खोलीत सुतारदादा उभ्याउभ्याच भांडत होते. त्यांची बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू कुणी ती हिसकावणार होतं. अकरा वर्षं वाट पाहून त्यांना निरोप मिळाला होता: महिन्याभराचा मुलगा आहे, आईने सही दिलीय, पण तिची मुदत संपायची आहे. मुदत सहीपासून साठ दिवसांची. तेवढ्यात ती "माझं बाळ मला द्या" म्हणाली की संपलं, कायदा तिच्या बाजूचा. आणि ते बाळ या दोघांच्या घरी नीट पोचावं म्हणून जिला नेमलेलं, ती बाई बाळाच्या आईलाच खोली शोधून देत फिरत होती.

ही आमची थांबा-मावशी. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. साठीला टेकलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पेन कायम अंबाड्यात खोचलेलं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं टायपिंग केलं. त्या सहा वर्षांत फोनच्या घंटीपेक्षा जास्त वेळा मी तिचं "थांबा" ऐकलं असेल. बाळ सोडायला आलेली एखादी मुलगी रडत म्हणायची, द्या कागद, सही करते. मावशी पेन अंबाड्यात आणखी खोल खोचायची. थांब, आधी जेव. थांब, आधी झोप. हॉस्पिटलात तर ती कधी कागद नेतच नसे.

वाट पाहणाऱ्यांनाही तिचा एक नियम होता. मुदत संपेपर्यंत पाळणा जोडायचा नाही. सुतारदादांनी घरी पाळणा केला होता, एकही खिळा नसलेला, खाचेत खाच बसवलेला. पण त्याचे तुकडे गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले होते. तेवढं त्यांनी ऐकलं होतं.

"तिला रोज बाळाला आंघोळही घालू देता म्हणे," ते म्हणाले. "मायेने ओढली गेली तर?"

"तर जाऊ दे की."

मग मावशीने त्यांना खुर्ची ओढून दिली आणि जे ती कधीच सांगत नसे ते सांगितलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिला वाटायचं, घाई म्हणजेच दया. एका मुलीचं बाळ तिने जन्मताच, तिला न दाखवता, पडद्याआडून परस्पर नेलं, उगाच लळा नको म्हणून. मुलीने मान खाली घालून सही केली. बाळ त्याच आठवड्यात एका शिक्षक जोडप्याकडे गेलं. अडतिसाव्या दिवशी ती मुलगी दारात आली आणि तिने एकच विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मला सांगावं लागलं," मावशी म्हणाली. "मुलगी म्हटल्यावर तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, द्या. त्या घरातून बाळ मीच काढून आणलं, दादा. मास्तरीणबाईंनी दुधाची बाटली धुऊन दिली माझ्या हातात. बसमध्ये सगळा रस्ता ते पोर माझ्या खांद्यावरून मागे बघत होतं."

सुतारदादांच्या बायकोने पर्स खाली ठेवली.

"म्हणून मी विचारत राहते. बाळ घरी न्यायचं तर काय काय लागेल? खोली? शोधू. काम? बघू. घरी तुझ्या आईशी बोलायचंय? मी येते सोबत. या प्रश्नांमुळे कितीतरी जणी बाळ घेऊन गेल्या, आणि त्यांच्या पायात मी स्वतः चपला सरकवल्यात. पण जिचं मन बदलायचंय तिचं इथं बदलू दे. तुमच्या दारात नको."

"आणि हिचं?"

"हिचं मला माहीत नाही," मावशी म्हणाली. "विचारतेय."

या बाळाची आई एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती, बावीस वर्षांची मुलगी. कामावरून सुटली की तडक मागच्या शिशुगृहात यायची, बाह्या दुमडायची आणि बाळाला आंघोळ घालायची. यायलाच हवं असं कुणी सांगितलं नव्हतं. खोलीची किल्ली मावशीने हातात ठेवली तेव्हा तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"मावशी, खोली चांगलीय. पाळणाघरही बघून आले. सगळं जमेल. पण मला आत्ता आई व्हायचं नाहीये. जमत नाही म्हणून नाही. नाही व्हायचं म्हणून."

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या वर्षांत हे इतकं सरळ तिला कुणी सांगितलं नसावं. त्या दिवशी तिच्या तोंडून "थांब"ही निघालं नाही.

शेवटच्या दिवशी मुलीने नवराबायकोला भेटायची इच्छा सांगितली. कचेरी पाचला बंद, मुदतही तेव्हाच संपणार. चारला ती शिशुगृहात आली तेव्हा ते दोघं आधीच येऊन थांबले होते. नमस्कार वगैरे काही नाही. टबात पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि सुतारदादांना म्हणाली, "दादा, बाह्या वर करा."

ते घाबरून बायकोकडे बघायला लागले.

"बघता काय, शिका," बायको म्हणाली. "रंधा नाही मारायचा."

मुलीने त्यांचे खरखरीत हात धरून बाळाखाली नीट बसवले. आधी पायांवर पाणी, डोक्यावर सगळ्यात शेवटी, नाहीतर दचकतो. कानामागे दूध साचतं, तिथे विसरायचं नाही. रडला तर बोलत राहायचं, काहीही, तो आवाज ऐकतो. सुतारदादा बोलायला लागले. काय बोलावं सुचेना, म्हणून सागवान, शिसम, आंबा अशी लाकडांची नावं सांगत सुटले. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं.

मुलगी हसली. मग तिने बाळाला टॉवेलात गुंडाळलं, इस्त्री केल्यासारख्या सरळ घड्या घालून, आणि त्यांच्या बायकोच्या कुशीत दिलं.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. मी मावशीकडे पाहिलं. मावशीने तोंड उघडलं होतं, पण बोलले सुतारदादा. हात अजून ओलेच होते.

"पोरी, अजून दहा मिनिटं आहेत. न्यायचं असेल तर ने. आम्ही काही म्हणणार नाही. खरंच सांग, न्यायचंय?"

त्यांच्या बायकोने बाळावरची पकड तसूभर सैल केली. तेवढीच, पण केली.

मुलीने त्या दोघांकडे पाहिलं, मग टबाकडे. टब उचलून तिरका केला, पाणी सगळं जाऊ दिलं, टब पालथा घातला. हात पुसून टॉवेल दांडीवर कोपऱ्याला कोपरा जुळवून टाकला. दुमडलेल्या बाह्या एकेक करून खाली घेतल्या, बटणं लावली.

आणि दार हळूच ओढून घेत ती बाहेर निघून गेली.