रोजच्या स्वागताचं ताट

एक होती म्हातारी, ती मी. एक होती तिची सून, आणि एक होता लग्नाचं नाव काढलं की भरल्या पानावरून उठणारा नातू, सर्वेश. पेडण्यात आमचं घर. आता काय सांगू तुम्हाला, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या कानांनी त्या घरात काय गोंधळ घातला तो!

सर्वेश तुयेच्या कारखान्यात कामाला. चांगल्या मुली सांगून यायच्या, हा सगळ्यांना नको म्हणायचा. मला एकच घोर. माझ्यामागे याला 'जेवलास का रे' म्हणून विचारणार कोण?

एकदा जनेलाखाली तांदूळ पाखडत बसले होते. खिडकीच्या आत हा फोनवर.

"रोजला उद्या म्हापशाहून घरी आणतो. वास काय सुंदर गो तिचा! आजीला एवढ्यात सांगायचं नाही. धक्काच देऊया."

सूप पडलं ना हातातलं! रोज? म्हणजे ख्रिस्तांवांची पोर!

पुढे म्हणतो, "हायब्रीड टी आहे." हायब्रीड मला टोमॅटोवरून ठाऊक. आई एका जातीची, बाप दुसऱ्या. टी म्हणजे चहा. बरं, चहा तरी पिते! आणि मग म्हणाला, "वर्षभरात भिंतीवरून चढून माडीवर पोचेल बघ."

नातसून? भिंतीवरून? अगो बाई!

सुनेला सांगितलं तर ती खालीच बसली. "आये, ख्रिस्तांव? आणि आपलं देवघर?"

"देवाला मी समजावते. पोरगा लग्नाला उभा राहतोय ना? मग रोज येऊ दे नाहीतर सोज!"

दुसऱ्या दिवशी ओवाळणीचं ताट घेऊन मी दारात. सुनेच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे अख्खा वाडा अंगणात!

शेजारची मंगल म्हणते कशी, "काकी, तुमची नातसून छपरार चढता म्हणे?"

"चढू दे! छप्पर माझं, कौलं माझी, नातसून माझी. तुझ्या पोटात का दुखतं?"

रिक्षा थांबली. सर्वेश उतरला. मागोमाग उतरली एक कुंडी. तिच्यात हातभर उंच काटेरी फांदी, टोकाला एक गुलाब.

मी रिक्षात वाकून पाहिलं. "अरे, रोज खंय?"

"ही काय! आजये, गुलाबाला इंग्लिशीत रोज म्हणतात. हायब्रीड टी जातीचा, वेलासारखा चढणारा गुलाब आहे. तुझ्या परसात लावायला आणला."

मंगल हसून हसून तुळशीवृंदावनाला धरून बसली. आता ताट घेऊन आत जायचं कसं? ओवाळलं मी त्या कुंडीला! कुंकूसुद्धा लावलं!

सर्वेश मात्र हसला नाही. माझा हात धरून हळूच म्हणाला, "आजये, तू खरंच ख्रिस्तांव मुलीला ओवाळणार होतीस?"

"मगे? सगळ्या वाड्यासमोर नातसून म्हटलंय. आता शब्द फिरवू?"

त्याने तिथेच फोन लावला. "सिल्विया, ये गो. आजी ताट घेऊन दारातच उभी आहे!"

त्याच्याच कारखान्यातली पोर. 'वास काय सुंदर गो' ते हिलाच सांगत होता!

लग्न झालं, घर भरलं, आता पणतू मांडीवर आहे. लोक विचारतात, "सिल्विया आली तेव्हा आजी, तुम्हाला धक्का नाही बसला?"

कुठून बसणार? होता नव्हता तो सगळा कुंडीवर संपवून बसले होते ना मी!