बाल्दीतलं हिरवं पाणी

आमच्या सासूबाईंना दोन मुलगे. एक आमचे हे आणि दुसरा कुत्रा. ह्यांना त्या "अरे" म्हणून हाक मारतात, कुत्र्याला "पुता" म्हणून. काटा काढलेला बांगडा कुणाला मिळतो, ते सांगून मी घरात भांडण लावत नाही.

घर आमचं गोव्यात, पाळी गावात. ह्यांचा स्वतःचा ट्रक आहे, खाणीवर चालतो. पावसाळाभर तो अंगणात उभा असतो आणि दसऱ्याला पूजा झाली की बाहेर पडतो. ह्यांचा नियम असा, की पूजेआधी गाडी आतून-बाहेरून धुतलेली पाहिजे. बाहेरून आम्ही सगळे धुतो. आतून म्हणजे रेडिएटरमधलं जुनं कूलंट काढून नवं भरायचं, आणि ते काम हे दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. हातात रबरी मोजे घालतात, इंजिन थंडगार झाल्याशिवाय झाकणाला हात लावत नाहीत. लग्न होऊन हळर्णहून आले तेव्हा मी विचारलं होतं, विहिरीचं पाणी घातलं तर काय बिघडतं? म्हणाले, "चढावावर उकळतं आणि आतून गंज चढवतं. ह्यात ग्लायकॉल असतं, ते सहजासहजी उकळू देत नाही. थंड मुलखात गोठूही देत नाही." आमच्याकडे गोठायला काय आहे, घाम? पण मी गप्प बसले. नवी नवरी होते ना!

तर एका दसऱ्याला ह्यांनी जुनं कूलंट बाल्दीत काढलं. एरवी ते लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरतात आणि गॅरेजला नेऊन देतात. ओहोळात ओतू म्हणाल तर अंगावर येतील. पण तेवढ्यात भटजी आले, ठरल्या वेळेच्या आधी. भटजी कधी लवकर येतात का हो? त्या दिवशी आले. ह्यांनी घाईघाईत बाल्दीवर केळीचं पान झाकलं आणि सोवळं नेसायला पळाले. केळीचं पान! जसा काही आत प्रसादाचा शिराच होता.

पूजा झाली, नारळ फुटला. मी खोबरं वाटत होते, तोच पुता झोकांड्या खात आला. पाय एकीकडे, तोंड भलतीकडे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. कारण आमच्या शेजाऱ्याच्या घरात फेणी असते, आणि आमच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब कधी आलेला नाही. ह्याच रागाने सासूबाई कित्येक वर्षं त्याला दसऱ्याचं सोनं देत नव्हत्या. सगळ्या वाड्यावर आपट्याची पानं वाटायच्या, तेवढं एक घर गाळून. त्या तरातरा कुंपणापाशी गेल्या.

"काय रे मेल्या, माझ्या पुताक सोरो पाजलंस?"

"देवाची आण, वयनी! माझोच माका पुरणा नाय, कुत्र्याक खयसून देतलंय?"

मला हसू आवरेना. पण पुता जवळ आला आणि माझं हसू पळालं. त्याच्या मिशा हिरव्या झाल्या होत्या. ट्रकमागे जाऊन बघते तर पान बाजूला पडलेलं आणि बाल्दीच्या कडा चाटूनपुसून साफ. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "गोड असतं ते," एवढंच म्हणाले. मेल्या विषाने निदान कडू तरी असावं!

मी डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "असाल तसे निघा. आता तो झिंगलेला दिसेल, मग बरा झाल्यासारखा वाटेल, पण फसू नका. नंतर किडनी जाते. कूलंटचा कॅन बरोबर आणा, लेबल बघायला हवं." मग म्हणाले, "ह्यावरचं औषध माझ्याकडे नाही. साधी वोडका मिळाली तर आणा. सीलबंद."

मला वाटलं, सणाचा दिवस, डॉक्टरांनीही थोडी घेतलीय. पण त्यांनी समजावलं: शरीर दारू आधी पचवायला घेतं, त्या गडबडीत ग्लायकॉलचं विष तयार होत नाही, ते तसंच लघवीवाटे निघून जातं.

"आई, दारू लागणार," मी म्हटलं.

 सासूबाई कुंपणाकडे बघत राहिल्या. शेजारी सगळं ऐकत होता. आत गेला आणि एका हातात फेणी, दुसऱ्या हातात मुरगावहून मेहुण्याने आणून दिलेली वोडका घेऊन आला. फेणी मी परत पाठवली. आमचा ट्रक झेंडूच्या माळा घालून नटलेला, पण रेडिएटर रिकामा, म्हणजे कामाचा नाही. शेवटी शेजाऱ्यानेच आपली व्हॅन काढली. सासूबाई मागे बसल्या, मांडीवर पुता आणि पदराखाली बाटली. वाटेत कुणी हात केला तर त्या पदर आणखी घट्ट धरत.

डॉक्टरांनी मोजूनमापून सलाईनमध्ये दारू दिली आणि आम्हाला बजावलं, "हा उपाय घरी करायचा नाही. माप चुकलं तर दारूच जीव घेईल. उद्यापर्यंत नीट लघवी झाली तर वाचला म्हणा." मग सासूबाईंचं मन दुसरीकडे वळवायला असेल, म्हणाले, "वस्तू वाईट नाही हो, आजी. तुमच्या ह्या पॉलिस्टरच्या साडीचा धागा त्यातूनच होतो, पाण्याच्या बाटल्याही होतात. फक्त पोटात जाता कामा नये." सासूबाईंनी हळूच साडीचा काठ पुताच्या तोंडापासून लांब सरकवला.

संध्याकाळ झाली तरी त्या उठल्या नाहीत. वाड्यावर सोनं वाटायचं राहून गेलं. हे बाहेर पायरीवर डोकं धरून बसले होते. मी गेले होते चार शब्द सुनावायला, पण त्यांचे डोळे पाहिले आणि त्यांच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुता उठला. चेहरा असा, की लग्नाच्या वरातीत रात्रभर नाचलेला असावा. लटपटत दवाखान्याच्या दाराबाहेर गेला आणि शेजाऱ्याच्या व्हॅनच्या टायरपाशी त्याने पाय वर केला.

"मुतलो गो, मुतलो!" सासूबाई अशा ओरडल्या की अख्खा रस्ता वळून बघायला लागला. शेजारी टाळ्या वाजवत होता. मला रडू आलं, ते मी कुणाला कळू दिलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळाला कुंकू लावलं, देवापुढची आपट्याची पानं उचलली आणि कुंपण ओलांडून त्याच्या दारात गेल्या. मी मागोमाग. त्याने पानं बघितली, कान खाजवला.

"वयनी, दसरो काल झालो मगो."

"तुझो झालो आसतलो," त्या म्हणाल्या आणि पान त्याच्या हातावर ठेवलं. "माझो आज."