भात कापल्यावर तानीला काय होतं

चाळिशी येईपर्यंत तानी एका जागी वर्षभर राहिलीच नव्हती. उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. पावसात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. भात घरात आलं की नवरा सुका, मुलगी भाग्यश्री आणि दोन कोंबड्या घेऊन वसईपलीकडची वीटभट्टी गाठायची, ते मृगाच्या तोंडावर परतायचं. तिच्या आईबापांचंही असंच गेलं होतं.

मग तारापूरच्या वसाहतीतल्या रोपवाटिकेत तिला बारमाही काम लागलं. सावली होती, नळाचं पाणी होतं, रविवारी सुट्टी होती. भट्टीचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची.

पहिल्याच दिवाळीनंतर तिचं बिघडलं. शेतं मोकळी झाली, पहाटे दव पडू लागलं, पेंढ्याचा वास सुटला, तशी तिची भूक गेली. एकाच कुंडीला ती तीनतीनदा पाणी घाली. भाग्यश्रीवर उगाच ओरडे, मग तिलाच कुशीत घेऊन बसे. सुकानं भगताला दाखवलं, गुण आला नाही.

रोपवाटिकेचं काम बघणाऱ्या हिमानीबाईंनी विचारलं, "काम नको झालंय का तुला?"

"काम चांगला हाय, बाय."

"मग?"

"जावासा वाटतं."

"कुठं?"

तानीनं झारी उचलली आणि भिजलेल्याच कुंडीत पुन्हा पाणी ओतलं.

एका सोमवारी ती कामावर जायच्या बोईसरच्या गाडीत चढलीच नाही. समोरच्या फलाटावर गेली आणि वसईकडची गाडी धरली. दुपारी भट्टीच्या जागेवर पोचली, तर तिथं गोदाम उभं. पहारेकऱ्यानं हिंदीत विचारलं, कोण पाहिजे? "कोणी नाय," म्हणत ती पलीकडच्या चिंचेखाली बसली. डब्यातली भाकर काढली. महिन्याभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि तिथंच मातीवर तासभर गाढ झोपली.

दिवेलागणीला घरी आली तेव्हा सुका दारातच होता.

"कुटं गेलती?"

"भट्टीवर."

"काम मागाय?"

"नाय. भट्टीच नाय आता तिथं."

"मग कशाला गेली?"

"मना तरी कुटं ठाव हाय!" म्हणत ती रडायला लागली.

सुका खाली बघत म्हणाला, "मना पण जेवण जात नाय. तुला बोललो नाय."

दुसऱ्या वर्षी कापणी होताच तानीनं आठ दिवसांची रजा मागितली. हिमानीबाई अर्ज लिहायला बसल्या.

"कारण काय लिहू? आजारी?"

"आजारी नाय."

"लग्नकार्य?"

"नाय."

बाईंनी शेवटी 'घरगुती काम' लिहिलं. तानी तर घरच सोडून निघाली होती.

भाग्यश्रीला मावशीकडे ठेवून नवराबायको या खेपेला उलट्या दिशेला, घोलवडला गेली. तिथल्या वाडीत आठ दिवस चिकू निवडले, झाडाखाली चूल मांडली, जमिनीवर झोपली. परत आली तेव्हा दोघांचंही जेवण रुळावर आलं होतं.

आता दर वर्षी ती दोघं जातात. कधी चिकूच्या वाडीत, कधी नुसतीच कुणा नातेवाइकाकडे. पोरगी चिडते, "आई, सुखाची नोकरी हाय, मग हा काय उद्योग?"

तानी भाकरीचं पीठ मळायला घेते.