शेवटचा पोचू दे

डावा तळहात वर, बस्स. चौकातला पोलीस गाड्या अडवतो ना, तसा. सिस्टरांचा हात वर गेला की आमची दहा-बारा तोंडं ध्रुवपदाच्या शेवटी गप्प उभी राहायची. "शेवटचा पोचू दे," त्या म्हणायच्या. मग हात खाली, आणि पुढची ओळ.

माझा जीव जायचा हो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. रत्नागिरी स्टँडावर वेळ झाली की शिट्टी मारायची, धावत येणाऱ्याकडे बघायचं नाही, यात आयुष्य गेलं. आणि इथे आमच्या म्हाताऱ्यांच्या भजनात, दर गुरुवारी चार वाजता, देवळात टाळ हातात धरून थांबायचं. कोणासाठी? तर तांडेलांसाठी.

तांडेल म्हणजे मिरकरवाड्यातले. मासेमारीच्या बोटी हाकलेला, गडगडाटी आवाजाचा माणूस. अर्धांगवायूने उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पाणी मागायचं तरी "पा... पा..." करताना डोळे भरायचे. पण चालीत घातला की शब्द सुटायचा, उशिरा का होईना, अख्खा. सिस्टर सरकारी इस्पितळात नर्स होत्या. त्यांनीच हे हेरलं आणि तांडेलांना हाताला धरून आमच्यात आणून बसवलं. स्वतःचा आवाज म्हणाल तर बेताचाच. गाताना वहीत बघायच्या नाहीत, आमच्या छातीकडे बघायच्या. कोणाचा दम कुठे संपतो ते त्यांना पाठ होतं.

एकदा मी वैतागलो. "सिस्टर, अशाने भैरवी उद्या सकाळी होईल."

"होऊ दे. तुम्हाला आता कुठली गाडी सोडायचीय?"

सगळे हसले. तांडेलही हसले, जरा उशिरा.

मग अंगणातल्या चिऱ्यांवर सिस्टरांचा पाय घसरला, खुबा मोडला. मुलगा डोंबिवलीहून आला. चांगला मुलगा आहे, त्याला नावं ठेवणार नाही. एकटी कशी ठेवायची आईला? मी भेटायला गेलो तेव्हा बॅगा भरून झाल्या होत्या.

"तिकडेही मिळेल की एखादं मंडळ," मी म्हटलं.

"मिळेल हो. पण तिथे कोणाचा दम कुठे संपतो, मला काय माहीत?" मग म्हणाल्या, "गुरुवारी फोन लावा. मला गाण्यातून काढू नका."

लावला. पेटीवर फोन ठेवला, स्पीकर चालू केला. त्यांचा आवाज यायचा, पण रेंजचं काय असतं कोण जाणे, आमची ओळ संपून गेल्यावर यायचा. आम्ही पुढे, त्या मागे, नुसता गोंधळ. शेवटी फोनमधून खजील होऊन म्हणाल्या, "चालू दे तुमचं. मी नुसती ऐकते."

तेव्हा तांडेलांनी डावा हात वर केला.

आम्ही थांबलो. पुन्हा ती ओळ घेतली आणि संपल्यावर गप्प राहिलो. मागून तांडेल आले, आणि त्यांच्याबरोबर, अगदी एकदम, सिस्टर. दोघांनी मिळून ओळ पुरी केली. मी टाळाकडे बघत राहिलो, दुसरीकडे बघवेना.

त्यानंतरचे काही गुरुवार छान गेले. पुढे सिस्टरांचा आवाज बारीक होत गेला, मध्येच खोकला यायचा, पण ओळ पोचायची. एका गुरुवारी फोन मुलाने उचलला. आई पहाटे गेली, म्हणाला.

आता पेटीवर फोन नसतो. मला त्यांची फार आठवण येते, आणि नेमकी चार वाजता येते. हात तांडेल वर करतात. ध्रुवपद संपतं, मागून तांडेल स्वतः पोचतात, तरी हात खाली येत नाही.

परवा नव्या आलेल्या एक काकू माझ्या कानाशी लागल्या, "आता कोण राहिलंय?"

टाळ माझ्या हातात होता. मी काही वाजवला नाही.